ओहोटीला उचललेले आजोबा

सिजाओ बेट
२ मार्च २००३

चि. हाईयान हिस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या बंदराच्या पाटीवर ताझुई बेटावर कोणी राहत नाही असं लिहिलंय म्हणे. तुझा आजोबा राहतो.

त्याची बोट तिथेच बुडाली. माणूस मिळाला नाही, म्हणून गवताचा बाहुला करून, त्याचा सदरा घालून, तिथल्या उतारावर पुरला. परवा कंत्राटदाराची माणसं पेटी घेऊन दारात उभी. खनिजाचे ढीग घालायला जागा हवी, म्हणून थडगं उकरलं म्हणाली. पेटीत माती आणि एक गुंडी. कधी उचललंत विचारलं, तर म्हणे ओहोटीला, तेव्हा उतरायला सोपं पडतं. ओहोटीला, तेही हाक न मारता? मग कोण येणार? पेटी आली, माणूस तिथेच.

इथल्या टेकडीवर माझ्या थडग्यासाठी राखलेल्या जागेशेजारी त्याचीही जागा आहे. बुडालेल्याचा जीव हाक मारली तरच, भरतीच्या पाण्याबरोबर घरी येतो, म्हणून भरतीला तुमच्या धक्क्यावरून त्याला हाक मारायची आहे. साहेबाला विचार. त्याला वाट दाखवायला कोंबडा मी आणते. आणि जेवत जा, गाल बसलेत.

तुझी आजी


ताझुई बंदर
९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

साहेब डोंगराकडचे. नोकरी लागल्यावर समुद्र पाहिला. बाहेरच्यांना धक्क्यावर बंदी आहे म्हणाले. मी म्हटलं, आजोबा बाहेरचे कसे, ते बंदराच्या आधीपासून इथे आहेत. मग हसले आणि कोंबड्यालाही हेल्मेट लागेल का विचारलं.

रविवारी सकाळच्या भरतीला ये. पण लोहखनिजाचं मोठं जहाजही त्याच भरतीला आत येतं. त्याला वायरलेसवरून जागा दाखवायचं काम माझं, मला नियंत्रण कक्षाची खिडकी सोडता येणार नाही. तुझ्या हाकेला ‘आलो, आलो’ म्हणायला घरचं माणूस लागतं. आफूकाकांना आण, लांबचे असले तरी आपलेच. हेल्मेट घाल, हट्ट करू नकोस.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
हाईयान


सिजाओ बेट
१७ मार्च

चि. हाईयान हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझे आफूकाका जन्मभर समुद्रावर जगले आणि तुमच्या बंदराच्या बोटीत बसून ओकले. डिझेलचा वास म्हणे. धक्क्यावर पोचले ते पायरीवर बसले ते बसलेच, तोंडातून शब्द फुटेना.

मग मी एकटीच उभी राहिले, डोक्यावर ते पिवळं टोपलं घालून. लाओगेन, घरी ये, म्हटलं. काही नाही. पहिल्या हाकेला तो जेवायलाही कधी आला नाही. पुन्हा हाक मारली. तेवढ्यात तुमच्या जहाजाने असा भोंगा दिला की कोंबडा पिंजऱ्यात उलटा पडला. साहेब हेल्मेट काढून उभे राहिले. मी म्हटलं, आलास ते बरं झालं, पण एवढा ओरडतोस कशाला, लोक बघतायत.

त्याला घरी आणला, टेकडीवर नीट ठेवला. आफूकाका आता बरे आहेत आणि भोंग्याच्या आधी आपण ‘आलो’ म्हणालो होतो असं गावभर सांगतायत. साहेबांसाठी सुकवलेली वाम पाठवते, अर्धी तुझी.

जहाजाला भोंगा द्यायला तू सांगितलंस का, ते मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

माया आहे तशीच दाट असू दे.

तुझी आजी