वाण परत करायचं नसतं

देवास, २० जानेवारी १९८७

ती. आईस, सुनेत्राचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

शेतातला युरिया वाहून नदी हिरवी होते. ते कसं थांबवायचं, याचे वेगवेगळे उपाय मी इंदूरच्या कॉम्प्युटरवर मांडून पाहिले. काठावर गवताची पट्टी राखणं सगळ्यांत सरस ठरलं. आमच्या साहेबांनी माझ्या अहवालातून नेमकं तेच काढून टाकलं. म्हणाले, "मॅडम, नदी काय शिकायत करायला येते?"

मी म्हटलं, "ती येत नाही, म्हणून मी आलेय."

मग पीपलरावां गावात संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, अगदी तुझ्यासारखं. वाण म्हणून वाळ्याच्या गवताची रोपं दिली. मालवी बायकांना सांगितलं, वाण परत करायचं नसतं, नाल्याकाठी लावायचं. घरोघरचे भिया, म्हणजे पुरुषमंडळी, कुरकुरले, पण बायकांनी लावलंच.

आता माझी उदयनगरच्या जंगलात बदली करणार म्हणे. करू देत. तिथली हवा छान आहे. तू रात्री जागत बसू नकोस.

आणि हो, साहेबांच्या बायकोलाही वाण दिलं होतं. त्यांचं शेत नाल्याला लागूनच आहे. काल मी तिकडून येत होते, तर साहेब स्वतः बादलीने वाळ्याला पाणी घालत होते.

तुझीच हट्टी,
सुनेत्रा