चॉकलेटच्या वासाची पावडर

मंगळवार, १८ नोव्हेंबर. बरखेडा, भोपाळ

गुडघा बदलून सव्वा महिना झाला, मांडी अजून काडीसारखीच. माझा डॉक्टर म्हणतो, प्रोटीन वाढवा, नाहीतर पायात ताकद येणार नाही. ह्यांच्या किडनीचा डॉक्टर म्हणतो, प्रोटीन कमी करा. म्हणजे ह्यांना अर्धी वाटी वरण, आणि मला डाळ, पनीर, वर दुधातून ती चॉकलेटच्या वासाची पावडर. ह्यांच्यासमोर बसून कशी गिळायची? म्हणून मी स्वयंपाकघरातच पिते, वॉकरला टेकून, चोरासारखी.

आज हे मागे येऊन उभे राहिले. "अगं, बसून आरामात पी. मी तिकडे तोंड करतो," म्हणाले आणि खरंच खिडकीकडे वळले. मी प्यायले. पेला विसळायलाही ह्यांनीच नेला. बराच वेळ नळाचा आवाज येईना, म्हणून पाहिलं तर हे चमचा चाटत होते.

तेवढ्याने काय होणार होतं? पण मी ओरडले. चमचा हिसकावून घेतला. चाळीस वर्षांत ह्यांच्या तोंडचा घास मी कधी काढला नव्हता.

ह्यांनी नळ सोडला आणि माझा पेला धुवायला लागले.