ऐंशी पोळ्यांचा फोन

काकू, आज तुमचे साखरतुकडे केले. शिळ्या पोळ्या उरल्या होत्या म्हणून नाही हो, आता आमच्या डोंबिवलीच्या घरात मोजूनच पोळ्या होतात. नातीला हवे होते म्हणून काल मुद्दाम दहा जास्त लाटून ठेवल्या. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, उरवण्यासाठी पोळ्या लाटणारी तू पहिलीच. पण ते तळता तळता घरात एक बोलणं झालं, आणि तेव्हापासून मला काही सुचेना. म्हणून दुपारचं सगळं आवरून हे लिहायला बसलेय. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी तेव्हाच सांगायला हवी होती, ठाण्याच्या नौपाड्यात, तुमच्या ओट्यापाशी. तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

तुमच्याकडे आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. ठाण्यापलीकडे दिवा स्टेशनजवळ एका खोलीत आम्ही चौघं, नळाला पाणी कधी येईल ते देव जाणे, आणि मुलगा रांगता, त्याला सासूबाईंकडे सोडून आलेले. तुमच्या राहत्या घराची पुढची खोली म्हणजे पोळी-भाजी केंद्र, खिडकीला फळी लावली की झालं दुकान. पहिल्याच सकाळी मी विचारलं, "चपात्या किती लाटायच्या?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "ह्या ओट्यावर चपाती म्हणायचं नाही. पोळी. आणि तीही घडीची, आत तेल लावून." मनात म्हटलं, काय तोरा आहे बाईचा! आम्ही कोकणातली माणसं काय पोळ्या खात नाही? नाव वेगळं असलं म्हणून काय झालं? तिसऱ्या दिवशी तर तुम्ही माझी एक पोळी उचललीत, खिडकीच्या उजेडात धरलीत आणि म्हणालात, "मध्ये कागद आणि कडेला पुठ्ठा. ज्याच्या ताटात ही पोळी जाईल तो आपल्याला ओळखत नाही, म्हणून त्याला फसवायचं का गं?" मी मोरीत जाऊन रडले. खरंच रडले, नळ सोडून, म्हणजे तुम्हाला ऐकू येऊ नये. पण काकू, त्या दिवसानंतर माझ्या हातून जाड कडेची पोळी गेलेली नाही. पुढे माझं स्वतःचं केंद्र झालं, बायका हाताखाली आल्या, तेव्हा मीही पोळी उजेडात धरायला लागले. तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. हसायचं तर हसा.

दुसरा तुमचा नियम पाटीचा. फोनशेजारी शाळेतली काळी पाटी टांगलेली, खडू सुतळीने बांधलेला. जो फोन घेईल त्याने लगेच लिहायचं: कोणाची ऑर्डर, किती, कधी, आणि फोन कोणी घेतला. "डोक्यात ठेवू नकोस, डोकं भाड्याचं असतं," असं तुम्ही म्हणायचात. आणि गंमत अशी की तुम्ही स्वतः सगळं डोक्यातच ठेवायचात. कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा उपास कधी, माझ्या मुलाला गोवर कोणत्या आठवड्यात आला, सगळं पाठ. पाटी होती ती आमच्यासाठी.

आता तो दिवस. स्टेशनकडच्या एका ऑफिसात गुरुवारी कसलासा कार्यक्रम होता, ऐंशी पोळ्या सांगितलेल्या. बुधवारी सकाळी तुम्ही पूजेला बसलेल्या, भाजी करणाऱ्या मावशी मेथी घ्यायला गेलेल्या, आणि फोन वाजला. माझे दोन्ही हात कणकेत. कोपराने रिसीव्हर पाडला, मान वाकडी करून कानाला लावला. "उद्याचा कार्यक्रम रद्द झालाय, पोळ्या करू नका." मी म्हटलं, "बरं, सांगते." खडू धरायला हात धुवायला हवे होते. कणीक मळून झाली की लिहू म्हटलं. कणीक झाली, मग तवा तापला, मग गिऱ्हाईक आलं. आणि गेलं डोक्यातून.

गुरुवारी साडेअकरापर्यंत आपण ऐंशी घडीच्या पोळ्या केल्या. दहा-दहाच्या चळती, फडक्यात बांधलेल्या. न्यायला कोणी येईना म्हणून तुम्ही फोन लावलात. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, तुमचा चेहरा दिसत होता. फोन ठेवून तुम्ही विचारलंत, "काल त्यांनी कळवलं होतं म्हणे. फोन कोणी घेतला?" मावशी म्हणाल्या, "मी तर बाजारात होते." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही, नुसतं बघितलंत. आणि मी म्हणाले, "मी नाही घेतला, काकू."

असं सरळ. लोणी कापावं तसं खोटं. नोकरी जाईल, सासूबाई काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही पाटीकडे बघितलंत, ती कोरी. मग हळूच म्हणालात, "मग मीच घेतला असेन. विसरले बहुतेक. वय झालं." आणि पदर खोचलात. झालं, प्रकरण संपलं. मला हायसं वाटलं, ह्याची आज जास्त लाज वाटते.

शिळी पोळी विकायची नाही हा तुमचा तिसरा नियम, आणि त्या दिवशी तर केंद्राच्या रोजच्या पोळ्याही झालेल्या. मावशी म्हणाल्या, गाईला घाला. तुम्ही म्हणालात, "ऐंशी खाऊन गाय मरेल." सगळ्या पोळ्या जुन्या धोतरावर पंख्याखाली पसरल्या, जरा वातड होऊ दिल्या, नाहीतर तेल पितात. चार-चार एकावर एक ठेवून तुम्ही पितळी कातणं घेतलंत, करंज्यांचं, नक्षीच्या चाकाचं, आणि भराभरा शंकरपाळ्यासारखे तुकडे. कढईत मध्यम तेल. एक तुकडा टाकून बघितलात, तो बुडाशी न बसता वर आला, मग मूठभर. घडीच्या पोळीचे पापुद्रे तेलात सुटे होऊन फुलले, बदामी झाले. तुमच्या बहिणीने सावंतवाडीकडून पाठवलेली दालचिनी तव्यावर जरा शेकून तुम्ही खलबत्त्यात कुटलीत, पिठीसाखरेत मिसळलीत, चिमूटभर मीठ. "फार गरम असताना घोळवलेस तर साखर विरघळते, गार झाल्यावर ती धरत नाही. हाताला सोसेल इतकं गरम हवं," असं मला समजावत होतात. मला! मी नुसती परात हलवत होते. समोरच्या दवाखान्यात, शेजारच्या शिकवणीच्या पोरांना, वाण्याला, सगळ्या गल्लीला तुम्ही कागदाच्या पुड्या वाटल्यात. संध्याकाळी खिडकीशी लोक विचारायला लागले, ते गोड काय होतं, उद्या आहे का?

त्यानंतर तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लागलात. "गॅस बंद केला." "दूध तापवलं." "किल्ली डब्यात." कपाटावर, फ्रीजवर, आरशावर. फोन वाजला की मला म्हणायचात, "तूच घे बाई, माझं काही खरं नाही." आणि मी घ्यायचे, पाटीवर लिहायचे, सुवाच्य अक्षरात. वर्षभराने पुण्याहून तुमची लेक आली, आणि तुम्ही स्वतःच तिला सांगितलंत की आता एकटीने जमायचं नाही. केंद्र बंद झालं. जाताना ते पितळी कातणं तुम्ही माझ्या हातावर ठेवलंत. डोंबिवलीतल्या तुमच्या मैत्रिणीची रिकामी खोली मला मिळवून दिलीत, पहिली तीन गिऱ्हाइकं तुमच्याच ओळखीची. त्या कातण्यावर आणि त्या तुकड्यांवर माझं केंद्र उभं राहिलं, मुलगा शिकला, दिव्याची खोली सुटली. तुमचे उपकार सांगायला बसले तर वही पुरायची नाही.

एकदा पुण्याला भेटायला आले, आठवतं? तुम्हाला आठवत असणारच, तेच तर म्हणतेय. दारातच म्हणालात, "मुलाचा दात किडला होता तो काढला का?" इतकं सगळं लक्षात असलेल्या बाईला मी विसराळू ठरवून घरी बसवलं. त्या दिवशी सांगणार होते. तुम्ही चहा टाकलात, माझ्या आवडीचं आलं घातलंत, आणि माझं तोंड पुन्हा बंद. पुढच्या खेपेला तुम्ही नव्हतात.

आता आजचं. आमच्या घरात ह्या तुकड्यांची गोष्ट मी नेहमी एकाच तऱ्हेने सांगत आले: आमच्या काकू फोन विसरल्या, ऐंशी पोळ्या उरल्या, म्हणून हे सुचलं. सांगून सांगून इतकी रुजली की कोणी काही विसरलं की सगळे म्हणतात, "झाली तुझी काकू!" मुलगा छत्री विसरला, काकू झाली. सून गॅस लावून गेली, काकू झाली. इतकी वर्षं मीही हसत आले, कशी काय हसत आले कोण जाणे. आज मी साखरेत मीठ घालायला विसरले आणि नात ओट्याशी उभी राहून ओरडली, "आजी, झाली तुझी काकू!" तोंडात तुकडा, गालाला साखर. तिने तुम्हाला कधी पाहिलंही नाही.

माझा हात परातीतच थांबला. म्हटलं, "काकू काही विसरल्या नव्हत्या गं. फोन मी घेतला होता. मी विसरले, आणि वर खोटं बोलले."

सून दारातच उभी राहिली. नातीने विचारलं, "मग त्यांना ओरडा बसला?"

"नाही. त्यांनीच स्वतःला दोष दिला."

"मग आता 'झाली तुझी आजी' म्हणायचं?"

"हो. आजपासून तेच म्हण."

तिने लगेच आईवर करून बघितलं. आई पाण्याची मोटर बंद करायला विसरली होती. छान जमलं तिला. सून नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, त्यांना कळलं असेल हो, म्हणून तर कातणं दिलं." असेलही. कळून दिलंत की न कळता दिलंत, दोन्हीकडून मान माझीच खाली जाते.

डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे. तरी आज सहा तुकडे खाल्ले, मीठ नसलेलेच. आणि हे पत्र काही टपालात पडायचं नाही, पुण्याच्या त्या घरी आता दुसरे लोक राहतात. कातण्याच्या डब्यात ठेवून देईन. फक्त पाटीवर लिहायचं राहिलं होतं तेवढं इथे लिहिते, तुमच्या नियमाप्रमाणे.

गुरुवारच्या ऐंशी पोळ्या रद्द. फोन मी घेतला.