पायरीवरचं पान

२ सप्टेंबर २०१४, मंगळवार

पोहोचलो! मकरंदकडे पुकेकोहे गावी दीड दिवसाचा गणपती बोळवला, दोन दिवस त्याच्या कांद्यांचं कौतुक केलं आणि आज त्याने आम्हाला गाडीत घालून ‘ते कुइटी’ गावाच्याही पुढे, डोंगरांच्या पोटात आणून सोडलं. मकरंद हा नीलिमाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. इथे शिकायला म्हणून आला आणि कांद्यात रमला. आता पॅकहाउसचा मॅनेजर आहे. हे शेतावरचं घर त्याच्या साहेबांचं. रिकामंच असतं, तीन महिने खुशाल राहा, फक्त खिडक्या उघडत जा, एवढीच अट. चोवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याला इतकी रजा सहज मिळते. तो नाही हे महाविद्यालयाच्या उशिरा लक्षात येतं.

लाकडी घर, हिरवं पत्र्याचं छप्पर, स्वयंपाकघराच्या दाराबाहेर तीन पायऱ्या आणि पायऱ्यांपासून डोंगरापर्यंत नुसतं गवत नि मेंढ्या. सर्वांत जवळचं दुकान अठरा किलोमीटरवर. त्याला इथे डेअरी म्हणतात. आम्हाला गाडी नाही. मकरंद एक शनिवार सोडून येणार, वाणसामान आणणार.

केतकी सहा वर्षांची, तिने आल्या आल्या मेंढ्या मोजायला घेतल्या. सुयश साडेतीन वर्षांचा. तो बोलतो. सकाळी डोळा उघडल्यापासून बोलतो. आमच्या घरात अखंड पारायण चालतं ते एवढंच.

७ सप्टेंबर, रविवार

शेजारी भेटला. शेजारी म्हणजे दोन टेकड्या पलीकडचा. ट्रेव्हर नाव, सत्तरीचा, या थंडीत अर्धी चड्डी आणि जँडल्स, म्हणजे आपल्या सपाता. किया ओरा, असा इथला माओरी रामराम केला, अंडी दिली. सुयशने त्याला मराठीतून आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचं साद्यंत चरित्र सांगितलं. ट्रेव्हर दर वाक्याला गंभीरपणे, आपण ‘झकास’ म्हणावं तसं, ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणत होता. माझ्या वर्गात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

भाद्रपद वद्य पंचमी, अण्णांची, माझ्या वडिलांची तिथी. पंचांग पुण्याचं आणि सूर्य इथला, त्यामुळे तिथी लागते कधी यावर मी अर्धा तास विद्वत्ता खर्च केली. तेवढ्यात नीलिमाने वडे तळून काढले. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. केळीचं पान कुठलं मिळायला? घरातल्या कपाटात तळाशी निळ्या काठाची एक जुनी बशी होती, तीत वाढलं आणि बरोबर मध्याह्नी पायरीवर ठेवलं.

आता कावळा! तर इथे कावळाच नाही. सातासमुद्रापार येऊन हे कळावं, याला व्यासंग म्हणतात. कुंपणावर काळेपांढरे मॅगपाय पक्षी होते, त्यांनी बशीकडे पाहिलं आणि माना फिरवल्या. वीस मिनिटं गेली. नीलिमा अस्वस्थ झाली. म्हणाली, अहो, अण्णांची काहीतरी इच्छा राहिली असणार, कबूल करा ना पटकन. इच्छा सगळ्यांना ठाऊक आहे. नातू पाहायचा होता. सुयश जन्मला त्याच्या आदल्या वर्षी ते गेले.

मी हात जोडले. सवयीने आधी सर्वांना बोलावणं केलं: ज्यांना मागे कोणी नाही, ज्यांच्या पोटी कोणी आलं नाही, त्यांनीही यावं, तृप्त व्हावं. मग ओंजळीत पाणी घेतलं, म्हणालो, नातू तुमच्या मांडीवर देतो. पाणी सोडलं.

दहा मिनिटांनी पाहिलं तर बशी रिकामी. धुतलेली, पुसलेली, पायरीच्या कडेला नीट उपडी घातलेली.

नीलिमाने समाधानाने नमस्कार केला. अण्णा पावले म्हणाली. अण्णांनी जन्मात स्वतःची बशी धुतली नव्हती.

१५ सप्टेंबर, सोमवार

बशी धुणारा ट्रेव्हर असावा, असं मी ठरवून टाकलं आहे.

सुयश दोन दिवस दुपारचा जेवत नाही. बाराच्या सुमारास पायरीवर जाऊन बसतो, अर्ध्या तासाने येतो आणि पोट भरलं म्हणतो. केतकीला म्हटलं, तूही जा की त्याच्याबरोबर. ती म्हणाली, मला नाही बोलावलं, त्यालाच बोलावलंय. कोणी, ते सांगेना.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ट्रेव्हरने बशी धुतलेली नाही. त्या शनिवारी तो गावाला गेला होता.

आज त्याने मुलांना गंमत म्हणून मेंढ्या दाखवल्या. ज्या मेंढीचं कोकरू मेलं, तिला दुसरं पोरकं कोकरू द्यायचं असलं की मेलेल्याचं कातडं काढून या जिवंत कोकराला घालतात. वासावर ती आई फसते आणि याला पाजते. काही दिवसांनी कातडं काढून टाकायचं. तोवर कोकरू तिचंच झालेलं असतं. नीलिमाला ते बघवेना.

मी सहज विचारलं, आमच्या घरात आधी कोण होतं? साहेबांची आत्या, म्हणाला, एडना. नवऱ्यामागे तीस वर्षं एकटी. मूलबाळ नव्हतं आणि मुलांचं भारी वेड. दुपारी बाराला पायरीवर जेवण वाढून बसायची, जाणाऱ्या-येणाऱ्या पोराला हाका मारायची. मागे कोणी नव्हतं बिचारीला, असं म्हणाला. हे माझे शब्द कुठे ऐकले याने, असं मला उगाच वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

मकरंद आला. सुयश त्याच्याशी इंग्रजीत बोलला. मकरंद हसत सुटला. भाऊजी, इथे सगळ्यांच्याच पोरांचं हे होतं, तुमचा स्पीड जरा जास्त आहे, एवढंच! त्याच्या लेकीला, सलोनीला, मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे त्याला यात काही वावगं दिसेना. मी म्हटलं, अरे, याची शाळा नाही, टीव्ही नाही, आम्ही मराठीच बोलतो. हा शिकला कोणाकडून? मकरंद म्हणाला, ट्रेव्हरकडून असेल.

ट्रेव्हर सुयशशी स्वीट अ‍ॅजपलीकडे फार काही बोलत नाही. आणि सुयश जे बोलतो ते म्हाताऱ्या बायकांचं इंग्रजी आहे.

त्याच्या अंगात एक स्वेटर होता. हाताने विणलेला, पिवळट, कोपराला रफू केलेला. नीलिमाला वाटलं मकरंदने आणला. मकरंदला वाटलं आम्ही घेतला.

२४ सप्टेंबर, बुधवार

लिहायला हवं. शिकवणाऱ्या माणसाने पाहिलेलं क्रमाने लिहावं.

दुपारी बारा दहा. लख्ख ऊन. मी आवाज न करता स्वयंपाकघराच्या दारात गेलो. सुयश पायरीवर पाठमोरा बसला होता. पायरीवर नव्हे. पायरी आणि तो यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं. त्यातून मला पलीकडचं गवत दिसत होतं. तो मागे रेलला होता, पाय हलवत होता, घास घ्यावा तसा तोंड उघडत होता.

मी ओरडलो. तो खाली पडला. गुडघा फुटला. माझ्याकडे असं बघितलं त्याने की —

आता चूक कळली आहे. श्राद्धात पहिल्याच वर्षी शिकवतात: दान ज्याला, त्याचं आधी नाव घ्यायचं, गोत्र घ्यायचं. मी घेतलं नाही. सगळ्या निपुत्रिकांना बोलावलं, त्यांच्यातल्या एकीच्या दारात, तिच्याच बशीत वाढून, आणि तुमच्या मांडीवर नातू देतो म्हणून पाणी सोडलं. पत्ता न घातलेलं पत्र. जिच्या दारात पडलं तिने उघडलं.

नीलिमाला सांगितलं. तिने स्वेटर चुलीत घातला.

२८ सप्टेंबर, रविवार

स्वेटर सकाळी पुन्हा त्याच्या अंगात.

बाराला आम्ही चौघं आतल्या खोलीत, दार लावून. साडेबारा झाले. काही नाही. नीलिमा रडली, हसली, केतकीला वरणभात कालवला. मी कढी आणली, पुन्हा आतून कडी घातली.

आज पहाटे इथली घड्याळं तासाने पुढे केली आहेत. सरकारचं घड्याळ. एडना सूर्याने चालते. एक वाजून दहाला खोलीत तिघंच होते. दाराला आतून कडी तशीच.

पायरीवर होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

ट्रेव्हरच्या गाडीतून निघालो. सामान टाकून. पुलापर्यंत ठीक. पुढे सुयश गार पडत गेला, ओठ निळे, श्वास मोजता यावा इतका हळू. केतकी किंचाळली, बाबा, मागे फिरवा. फाटकातून आत आलो तशी त्याच्या गालावर लाली आली. पायरीकडे हात केले त्याने.

ट्रेव्हरने ते पाहिलं. टोपी काढली. कोणाकडे बघून काढली ते मी विचारलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

नीलिमा हाक मारते, सुयश, राजा. तो वळत नाही. तिच्याकडे पाहुणीकडे पाहावं तसं पाहतो. मराठी एक शब्द नाही. नीलिमा त्याच्या पुढ्यात बसून नुसती गल्लीतल्या कुत्र्याचं नाव घेत राहिली.

दिलेलं परत मागता येत नाही. पाणी सोडलंय. पण बदली देता येते. शास्त्रात आहे — एकाऐवजी दुसरं, योग्य मूल्याचं. तिला मूल हवं. मीही कोणाचातरी मुलगाच आहे. आई नाही, वडील नाहीत, कोणाची परवानगी घ्यायची नाही.

नीलिमाला सांगितलेलं नाही. मकरंद उद्या येतोय, नीलिमाला नि मुलांना घेऊन जा एवढंच त्याला फोनवर सांगितलंय. भाऊजी, आणि तुम्ही, असं विचारलं त्याने. मी मागून, म्हटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

एक वाजता बशी ठेवली. या वेळी सगळं रीतीने. तिचं नाव घेतलं. माझं नाव, गोत्र, वडिलांचं नाव, सगळं स्पष्ट. त्याच्या जागी मी. पाणी सोडलं.

पायरीवर बसलोय. वही मांडीवर. लिहीत राहीन म्हणजे शुद्ध राहील.

एक दहा.

हात. पाठीमागून. लोकरीचा वास, साबणाचा वास. वाईट नाही. वाईट नाही मुळीच —

पायांखाली पायरी नाही.

आत सुयश रडला! मराठीत — आई म्हणाला! नीलिमा — त्याने तिला — सुटला, सुटला तो —

मकरंदची गाडी फाटकात.

अण्णांच्या गावाचं नाव आठवत नाहीये. काही हरकत नाही. नदी होती. तिला काय म्हणायचे —

ती भरवते. गोड आहे.

गाडीपाशी एक बाई रडतेय. एक मुलगी. कोणीतरी तिला धरलंय. जावं त्यांनी, उशीर होतोय.

एक लहान मुलगा खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतोय. छान आहे. बा — बाबा, बाबा. काहीतरी म्हणतोय. कोणाला हाक मारतोय तो, इथे तर आम्ही दोघंच —