तेलाच्या डब्यावरची खडूची खूण

सोमवार, ९ सप्टेंबर

ती. वहिनीस,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या रजेवर आहेत, तेव्हा सहांवर भागवून घे.

तू सुखरूप पोचल्याचं तुझ्या लेकीच्या फोनवरून कळलं. तू स्वतः फोनवर आलीस तेव्हा "हं" आणि "बरं" यांपलीकडे गेली नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राला "हं" म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

दुकान रोज नऊला उघडते. नवा साबण नाही, फळीवरचा आहे तो विकते. गिऱ्हाइकं विचारतात, "त्या बाई कुठे गेल्या?" मी म्हणते, लेकीकडे. काल एक गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही कोण?" नऊ वर्षं मी त्याच खुर्चीत बसते आहे. "मी वास घेते" असं खरं उत्तर दिलं असतं तर ते वडी टाकून पळाले असते. "नणंद" म्हटलं. त्यांना ते पटलं असावं.

परवा दुधाचं पातेलं करपलं. शेजारची फुलवाली हातातली कात्री घेऊनच आत धावत आली. "अहो बाई, घर पेटलं की काय? रस्त्यावर वास येतोय." मी तिथेच टेबलाशी बसून चष्मा पुसत होते. तंद्री लागली होती म्हणून सांगितलं. पातेलं घासून ठेवलंय, तुला कळणार नाही अशी आशा आहे, पण तुला कळेलच, म्हणून आधीच लिहिते.

आता थोडी उजळणी. रागावू नकोस, मास्तरणीची खोड आहे; मागचा धडा म्हणून झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही. दादा गेल्यावर तू स्वयंपाकघरातल्या एका पातेल्यात पहिला साबण केलास. त्याच वर्षी शाळेने संस्कृत बंद केलं आणि त्यासोबत मलाही. तुला लहानपणापासूनची सर्दी, वासाच्या नावाने शून्य. म्हणून तेलाचा डबा उतरला की मी वास घ्यायचा आणि पसंत पडला की झाकणावर खडूने खूण करायची. पातेल्यात ओतण्याआधी पुन्हा एकदा. मी "चालेल" म्हटल्याखेरीज तू काठी उचलत नाहीस. तराजूला तू मला हात लावू देत नाहीस, कारण एकदा कॉस्टिक सोडा मोजताना मी श्लोक म्हणत होते आणि आकडा चुकला. तो राग नऊ वर्षं टिकलाय. तुझा हात आणि माझं नाक, एवढाच आपला धंदा.

आणि आता अतिथिगृहाकडून परत आलेली ही साबणाची खोकी. तिथल्या बाईंची चिठ्ठी मी पुन्हा वाचली. फार सभ्य चिठ्ठी आहे. वड्यांवर तपकिरी डाग, खवट वास, पाहुण्यांची तक्रार, क्षमस्व. तीनशे वड्या. तू वरचं खोकं उघडलंस, एक वडी हातात धरलीस आणि म्हणालीस, "माझा हात गेला, वन्सं." मग तेलवाल्यांकडे जाऊन त्यांना नव्या डब्यात जुनं तेल भरणारा म्हणालीस, त्यांच्या माणसांदेखत. आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरलीस.

साबण करायची मागची खोली ठेवायची की नाही, हे महिनाअखेरपर्यंत मालकाला सांगायचं आहे. तू म्हणालीस, विचार करते. कर. फक्त साबणाचा विचार साबणापासून इतक्या लांब बसून नीट होतो का, एवढीच माझी शंका.

नातीला पापा.

तुझी,
वन्सं

---

गुरुवार, १९ सप्टेंबर

ती. वहिनीस,

नमस्कार, अंगं पूर्ववत सहाच.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. "खोली सोडू. मालकाला तुम्हीच कळवा. साचे कुणाला हवे असतील तर देऊन टाका. माझ्या हातावर माझा विश्वास उरला नाही." सूत्रकारांनाही इतकं थोडक्यात जमलं नसतं. मी ते दोनदा वाचलं आणि घडी करून तराजूखाली ठेवलं. मला धक्का बसायला हवा होता. मी उठून पावती-पुस्तकाचा नवा कागद फाडला आणि एका बाईला दोन वड्या बांधून दिल्या.

मालकाला अजून सांगितलेलं नाही. दोनदा जिन्यापर्यंत गेले. एकदा ते घरी नव्हते, एकदा होते.

लाकडी साचे पुसून उभे करून ठेवलेत. वड्या कापायची तार सैल झाली होती, ताणून घेतली. का, ते विचारू नकोस. हाताला काम हवं म्हण.

मंगळवारी दुपारी तेलवाले आले होते. तू बोललीस त्यानंतर प्रथमच. मला वाटलं, भांडायला आले असतील, म्हणून मी आधीच खुर्ची पुढे केली. बसून भांडणारा माणूस फार वेळ भांडत नाही. ते भांडले नाहीत. तुझी चौकशी केली. म्हणाले, "वहिनीबाई पुन्हा पातेलं चढवणार की नाही?" मी म्हटलं, नाही असं दिसतंय, हात गेला म्हणते. मग खिशातून दोन लहान बाटल्या काढून गल्ल्यावर ठेवल्या. वेगवेगळ्या पिंपांतलं तेल आहे, ताजं कुठलं ते सांगा, म्हणाले. मी वास घेतला. सांगितलं. ते पाणी प्याले आणि गेले.

बाकी इकडे घ्राणविषयक काही विशेष नाही.

फुलवाली विचारते, तू परत कधी येणार. मी म्हटलं, कालो हि दुरतिक्रमः (काळापुढे कुणाचं चालत नाही, एवढाच अर्थ). ती म्हणाली, "म्हणजे शनिवारी का?"

तुझी,
वन्सं

---

मंगळवार, २४ सप्टेंबर

वहिनी,

आज नमस्काराचा विनोद नाही.

तू मला नेहमी म्हणतेस, "अडचण आली की वन्सं संस्कृतात शिरतात." मागच्या पत्रातला "घ्राणविषयक" तुझ्या नजरेतून सुटला नसणार. तेव्हा मराठीत लिहिते. मला वास येत नाही. फेब्रुवारीतल्या तापानंतर गेला, तो आला नाही. कॉफीचा नाही, रॉकेलचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. या घरात दोन बायका आहेत आणि फेब्रुवारीपासून नाक एकही नाही.

पहिला आठवडा वाटलं, सर्दी असेल. मग डबे उतरले. तेलवाल्यांच्या माणसाने झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मी नेहमीसारखे डोळे मिटले, तीन श्वास घेतले, भुवया उचलल्या, खूण केली. सगळं बरोबर केलं, फक्त वास नव्हता. त्या खेपेचं तेल चांगलं निघालं. त्यानंतरच्या तीन खेपांचंही. मला वाटलं, डबे चांगलेच येतात तर माझ्या नाकाची गरज नव्हतीच कधी. असंच चालून जाईल. जूनमध्ये एक डबा खराब आला. त्याच्यावरही माझ्या खडूची खूण आहे.

तुला का सांगितलं नाही, तेही लिहायला हवं. त्या मागच्या खोलीत मी नऊ वर्षं एकच काम केलं. मोजणं तुझं, ढवळणं तुझं, कापणं तुझं, गिऱ्हाइकांशी गोड बोलणं तर नक्कीच तुझं. तेही काम गेलं तर मी तुझ्या घरात दादाची बहीण म्हणून उरते, आणि दादा तर नाही. हे असं स्पष्ट मी तेव्हा मनात म्हटलं नव्हतं. फक्त प्रत्येक वेळी उद्या सांगू म्हटलं.

आता मागच्या मंगळवारचं खरं. दोन्ही बाटल्या काळ्या काचेच्या होत्या. मी पहिलीचा वास घेतला, दुसरीचा घेतला, आणि अगदी ठामपणे म्हटलं, "उजवीकडची ताजी. डावीला किंचित खवटपणा आहे." किंचित म्हटलं, म्हणजे बारकाई दिसावी.

तेलवाल्यांनी बाटल्यांना बुचं लावली. मग हळूच म्हणाले, "बाई, दोन्हीत पाणी आहे. सकाळी नळाखाली भरलं मी."

बाहेर फुलवाली कुणाला तरी सुट्टे पैसे नाहीत म्हणून सांगत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"मला त्या पिंपाची शंका होती," ते म्हणाले. "माझं नाक दिवसभर तेलात, त्याचा भरवसा नाही. तुमची खूण झाली की मी निर्धास्त असतो. खूण झाली, मी पावती फाडली. चूक माझीही आहे."

मी म्हटलं, "वहिनी तुम्हाला इतकं बोलली, तेव्हा तुम्ही खुणेचं का नाही सांगितलंत?"

"तुमच्या घरात तुमचं नाव मी कशाला सांगू? मला एका गिऱ्हाइकाने लबाड म्हटलं म्हणून दुकान बंद पडत नाही. पण त्यांनी स्वतःला नालायक म्हटलंय, त्याचं काय करायचं ते बघा." बाटल्या खिशात घातल्या. "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

त्यानंतरही मी तुला दोन दिवसांनी ते पत्र लिहिलं. "सांगितलं. ते पाणी प्याले आणि गेले." खोटं त्यात एक अक्षर नाही, हे लिहिताना मला बरं वाटलं होतं, यावरून काय ते समज.

शनिवारी मी परत आलेली सगळी खोकी खाली उतरवली आणि एकेक वडी कागदातून काढून बघितली. तू वरचंच खोकं उघडलंस, वहिनी. या वड्या केल्यास त्या दिवशी साचे दोन होते. पहिल्याला आधीच्या डब्यातलं उरलेलं तेल पुरलं, दुसऱ्याला तो जूनचा डबा फोडला. खालच्या खोक्यांतल्या एकशे वीस वड्यांवर एकही डाग नाही. फुलवालीला बोलावलं आणि दोन्हींचा वास घ्यायला लावला. का, ते तिलाही सांगितलं. तुझ्याआधी तिला कळलं, त्याबद्दल वेगळं रागाव. ती म्हणाली, "ही तुमची नेहमीची. आणि ही दुसरी म्हणजे कुणीतरी आठवडाभर तळलेलं तेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या गुलाबांना रोज छान म्हणता ते?" मी म्हटलं, रंगावरून म्हणते.

तेव्हा हे नीट वाच. एकाच दिवशी, एकाच पातेल्यात, त्याच काठीने, तू ढवळलेले दोन साचे. एक बिघडला, एक नाही. मध्ये बदललं ते फक्त तेल, आणि ते तेल मी पसंत केलं. तुझा हात कुठेही गेलेला नाही.

खालच्या खोक्यातली एक वडी सोबत पाठवते. तुझं नाक यात कामाचं नाही, म्हणून लेकीला दे आणि ती काय म्हणते ते तिच्या तोंडून ऐक. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

काल तेलवाल्यांच्या दुकानी गेले. ज्या माणसांदेखत तू त्यांना बोललीस, त्यांच्यासमोर चूक माझी होती असं सांगितलं. माणसांनी डबे हलवायचं थांबवलं, ऐकलं, पुन्हा हलवू लागली. तुझ्या वतीने काही बोलले नाही. ते तू बोल.

मालकाला मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. तीस तारखेच्या आत त्यांना फोन तू कर. खोली ठेवलीस तर पातेल्याशी वास घ्यायला दुसरं कुणी बघावं लागेल. फुलवाली सकाळी अर्धा तास मोकळी असते, तिला विचारलंय, ती हो म्हणाली. मी पावत्या फाडीन, कागद कापीन. किंवा तू म्हणशील तर तेही नाही. माझ्या बहिणीकडे एक खोली रिकामी आहे, तिला अजून काही लिहिलेलं नाही.

तुझी माफी मागते. ती मागताना रडू यायला हवं, काही तरी व्हायला हवं, तसं काही होत नाहीये. वाटत नसेल ते वाटतं म्हणून सांगायचं, हे या वर्षात मी खूप केलं. म्हणून जे नाही ते नाही असंच लिहिते. माफी मात्र खरी आहे.

तू ठेवशील त्या जागेवरची,
वन्सं