मुरलेली दुरुस्ती

१५ जानेवारी १९५६, रविवार
स्कूटर आली. हिरवी. इटालियन. दिल्लीला बदलून गेलेल्या एका साहेबांची, फारशी न वापरलेली. खासगी बाजार पेठेत आमच्या ओसरीपुढे उभी केली तर अर्धी गल्ली गोळा झाली. वरच्या मजल्यावरून इंदुताईंनी विचारलं, मानसिंगराव, ही आवाज फार करते का? म्हटलं, कानाला गोड लागेल.
संकल्प : या गाडीला मेकॅनिकचा हात लागू द्यायचा नाही. तमाम देखभाल घरी, स्वतः. दरबारच्या मोटारखान्यात मी उगीच नव्हतो. आवक-जावकच्या टेबलावर होतो हे खरं, पण मोटारींची एकूणएक दुरुस्ती माझ्या हाताखालून गेली आहे. कागदावर.
हिने हळूच विचारलं, दादाला एकदा दाखवू या का? दादा म्हणजे हिचे थोरले बंधू, संभाजीराव. रियासतीच्या फौजेत मोटार ट्रान्स्पोर्टचे जमादार होते. पलटण मोडल्यावर पाटणकर बाजारात टायरचं दुकान टाकलं. मिशा मात्र अजून पलटणीतल्याच. हिच्या चुलत बहिणीच्या लग्नात मी एका मोटारीला हँडल मारायला गेलो, हँडल उलटं फिरलं, मी पडलो. त्यावर हा माणूस भर पंक्तीत म्हणाला, मानसिंगराव, तुम्ही आपलं कलमच चालवा. मांडव हसला. हा सर्वांत शेवटपर्यंत हसला. त्या दिवसापासून बोलणं बंद.
हिला बजावलं, त्या माणसाचं पाऊल या ओसरीला लागता कामा नये. बरं म्हणाली. वनमाला तशी गुणी आहे.

२२ जानेवारी, रविवार
कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा मिसळायची डबी, बस. खामखा लोक घाबरतात. गाडीत काही बिघाड नव्हता, पण बिघडायच्या आधीच साफ करणं याला मेन्टेनन्स म्हणतात. सगळं पुन्हा बसवल्यावर एक स्प्रिंग जास्तीचा निघाला. इटालियन लोक सढळ हाताचे दिसतात. स्प्रिंग बशीत ठेवला.

संध्याकाळी
सुरू होत नाही. किका मारून मारून चपलेचा तळ निघाला. चप्पल निकृष्ट.

२३ जानेवारी
ऑफिसला पायी. रस्त्यात तिघांनी विचारलं, गाडी कुठे? हे लोक एरवी कधी विचारपूस करत नाहीत.
संध्याकाळी ही म्हणाली, अहो, एकदा किक मारून तर बघा. पहिल्याच किकला लागली! महाराज बाड्याच्या चौकाला दोन चकरा मारून आलो.
शोध : दुरुस्ती केल्या केल्या लागू पडत नाही. लोणच्यासारखी मुरावी लागते. मेकॅनिक लोकांना धीर नसतो, तिथेच फसतात.
बशीतला स्प्रिंग दिसला नाही. ही म्हणाली, आत गेला असेल. शक्य आहे.

१२ फेब्रुवारी
या गाडीच्या पेट्रोलमध्येच थोडं तेल घालायचं असतं. किती, ते झाकणावर लिहिलं आहे. मला ते प्रमाण कंजूसपणाचं वाटलं. आपल्या इंजिनाला आपण तेल कमी का म्हणून घालायचं? हात सैल सोडला. गल्लीत धूर कोंडला. इंदुताई खोकत ओरडल्या, मानसिंगराव, सगळे पापड काळे पडून गेले! पापड वाळवायची ही काही जागा नाही, असं मी मनातल्या मनात ठणकावून सांगितलं. मग गाडीच बंद पडली.

१३ फेब्रुवारी
मुरली. संध्याकाळी झकास चालू. धूर बिल्कुल नाही.
घरात तपकिरीचा वास येतो. सारख्या शिंका. पेट्रोलचा परिणाम असावा. डब्यातले रव्याचे लाडू भराभर संपतात. ही दुपारी खात असावी. बोललो नाही. बायकोच्या खाण्यावर नजर ठेवणारा नवरा मी नव्हे.

८ एप्रिल
आमच्या सेक्शनमधल्या श्रीपादने पण स्कूटर घेतली. माझं नाव ऐकून प्लग साफ करायला बोलावलं. प्लगवर न थांबता ठिणगी पुरवणारा आतला मॅग्नेटोही उघडून पाहिला, मैत्री आहे म्हणून. गाडी गप्प झाली. त्याला सांगितलं, घाबरू नकोस, उद्यापर्यंत मुरेल.

११ एप्रिल
श्रीपादची गाडी अजून मुरत नाही.

१४ एप्रिल
श्रीपादने गाडी हातगाडीवर घालून मेकॅनिककडे नेली. सगळ्या सेक्शनसमोर म्हणाला, पुन्हा माझ्या गाडीला हात लावू नकोस. वाईट वाटलं. तोच हात, तेच पाने, माझी गाडी मुरते आणि त्याची नाही. अर्थ उघड आहे. त्याच्या घरात श्रद्धा नाही.

१७ जून
उन्हाने रबर वितळतं, म्हणून ब्रेक तपासायचं पुढे ढकललं. रोज पहाटे उठून गाडी पुसायचा संकल्प सोडलेला नाही. पहाट फार लवकर होते.

१ सप्टेंबर, शनिवार
रेडिओवर सांगितलं, राज्यांच्या फेररचनेचा कायदा पास झाला. नोव्हेंबरपासून आपलं मध्यभारत राज्य खलास. नवा प्रांत, राजधानी भोपाळ, ऑफिसं तिकडे जाणार.
आधी दरबार गेला. तेव्हा म्हणाले, घाबरू नका, आता मध्यभारत. त्या बोर्डाचा रंग नीट वाळला नाही तोच हा पण चालला. आमचे पणजोबा दक्षिणेतून घोड्यावर बसून इथे आले. त्यानंतर आम्ही जागचे हललो नाही. राज्यंच आमच्या पायाखालून सरकतात.
श्रीपादने चहाच्या टपरीवर माझ्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. भोपाळ हमको मंजूर नहीं. दोघांनी मिळून नकार द्यायचा. मॅग्नेटोचं प्रकरण मी त्याला माफ केलं.

१३ सप्टेंबर
श्रीपाद भोपाळला चालला. बढतीवर! शपथ घेतली त्याच्या आदल्या आठवड्यातच त्याने होकार लिहून दिला होता. म्हटलं, अरे, शपथ? तर म्हणतो, मानसिंगराव, ती चहापुरती होती.
फसवलं. मध्यभारताने फसवलं, श्रीपादने फसवलं. आज गाडीही बाड्यावर बंद पडली. ढकलत आणली. जगात फक्त घर तेवढं आपलं.

१७ सप्टेंबर, सोमवार
निर्णय घेतला. भोपाळला जायचं नाही. राजीनामा लिहून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी विचारलं, करोगे क्या? सांगितलं, घरी स्कूटर रिपेअरिंगचं वर्कशॉप. शहराच्या या लष्कर भागात स्कूटरी वाढत चालल्या आहेत आणि माझ्यासारखा हात दुसरा नाही. साहेब बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

संध्याकाळी
हिला आनंदाची बातमी दिली. ही मटकन खाली बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतका आनंद मलाही अपेक्षित नव्हता. मग म्हणाली, अहो, मला तुम्हाला एक सांगायचंय. म्हटलं, आधी चहा. चहा आणला तोवर मी पेंटरकडे बोर्ड सांगायला निघालो होतो. घाईत सांगण्यासारखं नाही म्हणाली. बायकांचं असंच असतं.

२५ सप्टेंबर
बोर्ड झाला. ‘मानसिंगराव ऑटो वर्क्स’. लाल अक्षरं, पिवळी जमीन. ही बोर्डाकडे बघतच नाही. जेवणात दोन दिवस मीठ नाही. म्हणाली, राजीनामा परत घेता येतो का हो? धंदा म्हटलं की आपल्या माणसांचे पाय लटपटतात. आमच्यात नोकरी रक्तात भिनली आहे. तिची समजूत घातली. परवाच गाडी बंद होती, काल बघ कशी मुरली! त्यावर ही आत निघून गेली.

३ ऑक्टोबर, बुधवार
ऑफिसात कपाटं बाहेर काढली, टेबलं पेट्यांखाली गेली, बसायला जागा नाही. साहेब म्हणाले, घर जाइए. दुपारीच परतलो.
ओसरीवर माझ्या स्टुलावर संभाजीराव. माझाच जुना सदरा गुडघ्यांवर पसरलेला. माझी स्कूटर उघडी. कोपरापर्यंत हात काळे. शेजारी ही, पदर खोचून, हातात पाना. जमिनीवर लाडवांची बशी आणि तपकिरीची डबी.
ते म्हणाले, या, मानसिंगराव. माझ्याच घरात मला, या!
मी विचारलं, हे कधीपासून? हिने मान खाली घातली. ते बोल्टशी खेळत बसले. शेवटी वरून इंदुताईंनीच सांगितलं, जानेवारीपासून.
म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी रोज संध्याकाळी किक मारायचो, आणि गल्ली गॅलरीत उभी राहून बघायची. मला वाटायचं, कौतुकाने.

४ ऑक्टोबर
जेवलो नाही. कोणाशी बोललो नाही. भुकेने डोकं दुखलं म्हणून दुपारी थोडं जेवलो, पण न बोलता.
संध्याकाळी ही ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. मी विचारलं नव्हतं, तरी सांगू लागली. पहिल्या दिवशी तुम्ही मान खाली घालून पायी गेलात, ते मला बघवेना. दादाला हाक मारली. एकदाच, असं ठरलं होतं. पण संध्याकाळी किक लागली तेव्हा तुम्ही असे हसलात! दरबार गेल्यापासून तुम्ही तसे हसला नव्हता. मग मला सांगवेचना.
म्हटलं, नवऱ्याला हसवायला नवऱ्यालाच फसवायचं? ती म्हणाली, हो, चुकलं. पण तुम्ही नोकरी सोडाल हे मला काय ठाऊक?
यावर उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

५ ऑक्टोबर
सुचलं नाही. उलट हिनेच आणखी एक सांगितलं. दादाचं दुकान गेल्या वर्षीच बुडालं. वहिनीला आणि घरच्यांना सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर बाड्यावर बाकावर बसून राहतो. तुमची गाडी बिघडली की निरोप जायचा, तेवढाच हाताला चाळा. एकदा तर विचारत होता, वनू, हल्ली मानसिंगराव काही उघडत नाहीत का?
हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.
ठरवलं : मी राग सोडणार नाही. राजीनामा तेवढा परत घेणार.

८ ऑक्टोबर, सोमवार
साहेबांपुढे उभा राहिलो. म्हटलं, विचार बदलला. साहेब म्हणाले, मानसिंगराव, आपकी फाइल तो पेटी में बंद होकर भोपाल चली गई. राजीनामा वहीं जाकर वापस लीजिए.
भोपाळला जायचं नाही म्हणून दिलेला राजीनामा परत घ्यायला भोपाळला जायचं!
येताना पाऊल घराकडे वळेना. बाड्यावर गेलो. संभाजीराव खरंच बाकावर होते, डबा मांडीवर. मिशा खाली आलेल्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी पण पुढे गेलो नाही. थोडा वेळ खांबाआड उभा राहिलो, मग दुसऱ्या रस्त्याने घरी आलो.

१५ ऑक्टोबर
काल दसरा झाला, स्कूटरची पूजा केली. मी हळदकुंकू लावलं. हिने बोलावल्यामुळे संभाजीराव सहकुटुंब आले, त्यांनी झेंडूचा हार घातला. आमचं बोलणं झालं नाही. सोनं देताना मात्र ते वाकू लागले, तेव्हा मी हात धरला. वयाने मोठे आहेत.
निर्णय घेतला आहे. भोपाळला क्वार्टर मिळेपर्यंत ही इथेच राहील. ओसरीवर संभाजीराव वर्कशॉप चालवतील. बोर्ड तोच ठेवायचा, रंगाचा खर्च वाचतो. निर्णय सर्वस्वी माझा. हिने सांगितल्यावर घेतला.

३० ऑक्टोबर, आगगाडीत
दिवाळी तोंडावर, आणि मी भोपाळच्या डब्यात. साहेबांनी चिठ्ठी दिली आहे. राजीनामा बहुतेक परत मिळेल. बहुतेक.
टांगा सांगितला होता. पण दारात संभाजीराव स्कूटर सुरू करून उभे. मागे बसलो, वळकटी मांडीवर, ट्रंक पुढे त्यांच्या पायांमध्ये. आपल्याच गाडीवर मागे बसून लष्कर भागातून निघालो. ही दारातून हात हलवत होती. रडत होती. या वेळी आनंदाश्रू म्हणायची सोय नव्हती.
स्टेशनवर त्यांनी सामान चढवलं आणि खिडकीशी उभे राहिले. मी मनात चांगली वाक्यं जुळवली होती. विश्वासघात हा शब्द त्यांत दोनदा होता. गाडीची शिटी झाली आणि तोंडातून भलतंच निघालं. विचारलं, संभाजीराव, क्लचची तार नेमकी किती सैल ठेवायची?
त्यांचा चेहरा एकदम पलटणीतला झाला. दोन बोटं वर धरून समजावून सांगू लागले. गाडी हलली. ते खिडकीबरोबर चालू लागले, मग जवळजवळ धावू लागले, बोटांनी तार ताणून दाखवत. स्कूटर इथेच राहणार, भोपाळात मी पायी फिरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.
इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी सगळं समजल्यासारखी मान डोलावत राहिलो.