भाऊबीजेचा मुक्काम

नालवाडी, वर्धा

प्रिय मिहिर,

रागात आहे, तरी सवयीने ‘प्रिय’ लिहून गेले. आता खोडत नाही. तुझा मेसेज मिळाला. श्रीनगर ते कन्याकुमारी सायकल मोहीम, दसऱ्याला निघणार, भाऊबीजेला वर्ध्यात आपल्या घरी मुक्काम. अकरा जणांचं जेवण, अंथरुणं, अंघोळीला गरम पाणी. दोघं कांदा-लसूण खात नाहीत, बाकीच्यांना आपला गोळाभात खाऊन बघायचाय. शेवटी हसरा चेहरा आणि ‘ताई आहे ना, मग काळजी कसली’. ‘जमेल का’ एवढं विचारायचं तुला सुचलं नाही.

त्यावर कहर म्हणजे तुमच्या कंपनीने फेसबुकवर टाकलेली तुझी मुलाखत. म्हणे, हे तुझं लहानपणापासूनचं स्वप्न. तुझं? बाबांच्या भूगोलाच्या नकाशावर श्रीनगरपासून खाली बोट ओढत कोण आणायचं? मध्ये आपलं वर्धा येतं, तिथे घरी जेवू आणि पुढे निघू, हे कोण ठरवायचं? देवळीला मामांकडे जाताना सायकल मी चालवायचे. तू मागे कॅरिअरवर बसून पेरू खायचास, आणि चढ आला तरी उतरायचा नाहीस.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तू पुण्याहून आलास, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललास आणि रविवारी परत गेलास. जाताना हेच वाक्य, ताई आहे ना. तेव्हा मला राग आला नाही, खरंच. वाटलं, मी शाळेत शिकवते, दिवसा वच्छलाबाई बाबांपाशी बसते, निभेल. राग नंतर साठत गेला. बाबा कसे आहेत, हे तू मला विचारतोस. फोन त्यांच्या कानाला लावला की त्यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते. ते हळू बोलतात, पण बोलतात रे. ऐकणाऱ्याला थोडं थांबावं लागतं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून सकाळी वच्छलाबाई आली की मी सायकलने देवळीपर्यंत जाऊन येते आणि मग शाळा गाठते. सुरुवातीला गुडघे धरले, जिना चढवेना. वच्छलाबाई हसायची, ‘काऊन वो बाई, कोनाशी शर्यत लावून राह्यल्या?’ मी सांगायचे, स्वतःशीच. ते खोटं होतं. त्या रस्त्यावर मी रोज तुझ्याशी भांडत असायचे. परवा तुझा मेसेज बाबांना वाचून दाखवला तेव्हा माझा आवाज चढला असावा. बाबा बराच वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, ‘त्याले इथंच ठेव. तू जाजो.’

म्हणून हे पत्र. फोनवर तू मला हसवून गुंडाळलं असतंस. भाऊबीजेला सगळ्यांना घेऊन ये. गोळाभात करीन, त्या दोघांचं वेगळं करीन, तुला पाटावर बसवून ओवाळीन. ओवाळणीत मला साडी नको, पाकीट नको. तुझी सायकल हवी, आणि इथून कन्याकुमारीपर्यंतची तुझी जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या मित्रांबरोबर हिंगणघाटच्या रस्त्याला मी लागणार. शाळेने माझी बिनपगारी रजा मंजूर केली आहे. तुझी रजा तू इथे काढायचीस. बाबांना कुशीवर कसं वळवायचं, ते वच्छलाबाई शिकवील. श्रीनगर ते वर्धा तुझं झालेलं असेल, ते तुझंच राहील. खालचा अर्धा देश माझा. नाही म्हणायचं असेल तर मला कळवू नकोस. घरी येऊन बाबांना तोंडावर सांग, आणि ते उत्तर देईपर्यंत थांब. आणि हो, ओवाळून घ्यायला बसण्याआधी सायकलची सीट माझ्या उंचीला उतरवून ठेव.

तुझीच, आणि अजून रागातच,
यामिनीताई